ई-पुस्तकाची रांग : का लागते आणि कशी टाळायची

मोबाईलवर पुस्तक उघडायला जावे आणि ‘सर्व प्रती वाचकांकडे आहेत, नंबर लावून ठेवा’ असे उत्तर यावे, हे बहुतेकांना पटत नाही. कपाटातले पुस्तक दुसऱ्या सभासदाने घरी नेले, हे समजण्यासारखे आहे. पण ई-पुस्तक म्हणजे एक फाईल. तिच्या हव्या तितक्या प्रती निघू शकतात. मग ‘प्रत शिल्लक नाही’ म्हणजे काय?

प्रश्न अगदी रास्त आहे आणि वरसे, रोहा, धाटाव, पेण या आपल्या पट्ट्यातही तो आता पडू लागला आहे. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, कॅनडात किंवा सिंगापुरात असेल, तर तिकडे सहा महिने राहायला गेलेल्या आईवडिलांना तो पडतो. इंटरनेट आर्काइव्हवर एक तासासाठी पुस्तक घेऊन टिपणे काढणाऱ्या विद्यार्थ्याला पडतो. मुलांसाठी गोष्टीची पुस्तके शोधणाऱ्या पालकांना पडतो. या तिघांचे उत्तर मात्र एक नाही. कोणते पुस्तक कोणत्या दाराने मिळते हे एकदा कळले, की बऱ्याच पुस्तकांसाठी रांगेत उभे राहावेच लागत नाही. जिथे राहावे लागते, तिथेही प्रतीक्षा कमी करता येते.

रांग लागते ती करारामुळे

छापील पुस्तक वाचनालयाने विकत घेतले की ते वाचनालयाचे झाले. पाने सुटेपर्यंत, बांधणी करून पुन्हा, कितीही वर्षे ते देता येते. ई-पुस्तकाचे तसे नाही. वाचनालयाला ते बहुधा मालकीने मिळत नाही, वापरण्याचा परवाना मिळतो. सर्वांत रूढ परवाना ‘एक प्रत, एक वाचक’ असा असतो. वाचनालयाने पाच परवाने घेतले असतील, तर एका वेळी पाचच जण ते पुस्तक वाचू शकतात. सहाव्याचा नंबर लागतो.

त्यातही अनेक परवान्यांना मुदत किंवा मर्यादा असते. हार्परकॉलिन्स या प्रकाशन संस्थेने 2011 मध्ये एका ई-प्रतीला 26 वेळा देण्याची मर्यादा घातली. सत्ताविसाव्या वाचकासाठी वाचनालयाने पुन्हा पैसे मोजायचे. पेंग्विन रँडम हाऊसने 2018 मध्ये दोन वर्षांची मुदत आणली. मॅकमिलनने तर नोव्हेंबर 2019 पासून नियम केला, की नवे पुस्तक आल्यावर पहिले आठ आठवडे एका वाचनालयाला, मग ते केवढ्याही मोठ्या शहराचे असो, एकच ई-प्रत मिळेल. अमेरिकेतल्या वाचनालयांनी त्याविरुद्ध मोठा आवाज उठवला आणि मार्च 2020 मध्ये तो नियम मागे घेतला गेला. शिवाय वाचनालयाला पडणारी किंमत घरगुती ग्राहकाच्या किमतीच्या कितीतरी पट असते. ठरावीक निधीत प्रती वाढवायच्या तरी किती, हा प्रश्न तिथल्या ग्रंथपालांपुढे रोजच असतो.

म्हणून मोबाईल खराब आहे, ॲप बिघडले आहे किंवा आपल्याला वापरता येत नाही, असे समजून ज्येष्ठ वाचकांनी खट्टू होऊ नये.

परदेशातल्या मुलांकडे गेलात तर

अमेरिका, कॅनडा, सिंगापूर येथील असंख्य सार्वजनिक वाचनालये ‘लिबी’ या ॲपमधून ई-पुस्तके आणि श्राव्य पुस्तके देतात. पुस्तक बाहेर असेल तर त्यावर नंबर लावता येतो. नंबर लावण्याआधी पुस्तकाचा तपशील उघडून दोन आकडे पाहा: एकूण प्रती किती आणि वाट पाहणारे किती. पुढचा हिशेब मनातल्या मनात होतो.

समजा प्रती 5 आहेत, तुमचा नंबर साठावा आहे आणि मुदत 14 दिवसांची आहे. एका फेरीत पाच जणांना पुस्तक मिळते, म्हणजे तुमची पाळी बाराव्या फेरीला. बारा गुणिले चौदा, 168 दिवस. साडेपाच महिने. तेवढ्यात तुमचे परतीचे विमानही सुटेल. पण हेच साठ वाचक पुस्तक वाचून होताच नवव्या दिवशी परत करू लागले, तर तीच पाळी 108 दिवसांत येते. दोन महिने वाचले आणि त्यासाठी कोणाला एक पैसाही खर्चावा लागला नाही.

यातून पहिला नियम निघतो. वाचून झाले की मुदत संपायची वाट न पाहता पुस्तक परत करा. मुदतीच्या दिवशी ई-पुस्तक आपोआप परत जाते आणि दंड बसत नाही, म्हणून बहुतेक जण ते तसेच पडू देतात. तिकडे मागचा माणूस ताटकळत असतो.

बाकीच्या युक्त्या अशा:

- एकाच पुस्तकावर न थांबता पाच-सहा पुस्तकांवर नंबर लावून ठेवा. किती नंबर लावता येतात हे त्या त्या वाचनालयावर अवलंबून असते.
- पाळी आली की साधारण तीन दिवसांत पुस्तक घ्यावे लागते. त्या आठवड्यात वाचायला सवड नसेल तर ‘नंतर द्या’ हा पर्याय निवडा. रांगेतली जागा जात नाही आणि प्रत मागच्याला मिळते.
- ई-पुस्तक आणि श्राव्य पुस्तक यांच्या रांगा वेगळ्या असतात. एकीकडे गर्दी असेल तर दुसरीकडे डोकावा. डोळ्यांना त्रास होणाऱ्यांनी तर श्राव्य पुस्तकच आधी पाहावे.
- ‘आत्ता उपलब्ध’ ही चाळणी लावून शोधा. लेखकाच्या नव्या पुस्तकाला रांग असते, पण त्याच लेखकाचे जुने पुस्तक बहुधा मोकळे असते.
- एका ॲपमध्ये एकाहून अधिक वाचनालयांची कार्डे जोडता येतात. न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्यांना न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी आणि ब्रुकलिन पब्लिक लायब्ररी या दोन्हींचे कार्ड विनामूल्य मिळू शकते. एकीकडे शंभरावा नंबर असला तरी दुसरीकडे विसावा असू शकतो. मुलांच्या राज्यात काय सोय आहे, ते तिथल्या ग्रंथपालांना विचारा. विचारलेले त्यांना आवडते.
- त्या वाचनालयात ‘हूपला’ ही सेवा आहे का, ते पाहा. तिथे प्रतीक्षा नसते. महिन्याला ठरावीक पुस्तके लगेच मिळतात, कारण वाचनालय प्रत्येक वेळच्या वाचनाचे पैसे वेगळे भरते.

एक गोष्ट मात्र टाळा. इकडे परत आल्यावर मुलाच्या कार्डाचा नंबर घेऊन रोह्यातून पुस्तके काढत बसू नका. कार्ड ज्याच्या नावाचे, त्यानेच ते वापरायचे, असा सर्वसाधारण नियम आहे. तिथल्या करदात्यांच्या पैशावर ती सेवा चालते. तिथे मुक्कामाला असताना पाहुण्यांसाठी कार्ड मिळते का, हे मात्र जरूर विचारावे.

इंटरनेट आर्काइव्ह : तासाभराचे पुस्तक

आपल्याकडचे अनेक विद्यार्थी आणि अभ्यासक ज्या ठिकाणी जातात, ते हे संकेतस्थळ. तिथे दोन प्रकारची पुस्तके आहेत आणि त्यातला फरक ओळखणे फार उपयोगाचे आहे.

पहिला प्रकार मुक्त पुस्तकांचा. ती खाते न उघडताही वाचता येतात आणि पूर्ण उतरवून घेता येतात. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पात स्कॅन झालेली हजारो जुनी भारतीय पुस्तके इथे आहेत आणि त्यात मराठी पुस्तकेही भरपूर आहेत.

दुसरा प्रकार उसन्या पुस्तकांचा. त्यासाठी मोफत खाते लागते. पुस्तक एका तासासाठी मिळते, काही पुस्तके 14 दिवसांसाठी. ही पुस्तके अलीकडे कमी का झाली, याला कारण आहे. टाळेबंदीच्या सुरुवातीला, 24 मार्च 2020 रोजी, इंटरनेट आर्काइव्हने आपली प्रतीक्षायादीच काढून टाकली आणि एक पुस्तक एकाच वेळी कितीही जणांना वाचायला खुले केले. जूनमध्ये चार मोठ्या प्रकाशकांनी अमेरिकेच्या न्यायालयात दावा लावला. 24 मार्च 2023 रोजी निकाल प्रकाशकांच्या बाजूने लागला, सप्टेंबर 2024 मध्ये अपिलातही तोच कायम राहिला आणि पाच लाखांहून अधिक पुस्तके उसनी देणे बंद झाले. पूर्वी मिळणारे पुस्तक आता ‘उपलब्ध नाही’ असे दिसत असेल, तर वाट पाहण्यात अर्थ नाही. दुसरे दार गाठा.

तासाभराचे पुस्तक वापरायचे असेल तर आधी आतल्या शोधखिडकीत हवा तो शब्द टाकून पाने हेरून ठेवा, मग पुस्तक घ्या. वही-पेन घेऊन बसा. तास संपला आणि मागे कोणी थांबलेले नसेल, तर पुन्हा घेता येते.

मराठी पुस्तक सापडत नसेल तर ते नाहीच, असे मानू नका. जुन्या स्कॅन पुस्तकांची नावे अनेकदा रोमन लिपीत आणि मनास येईल त्या स्पेलिंगने नोंदवलेली आहेत. ‘माझा प्रवास’ शोधताना देवनागरीत शोधा, मग रोमन लिपीत ‘माझा’ची तीन-चार स्पेलिंगे करून पाहा. त्यानेही नाही लागले तर लेखकाच्या आडनावाने शोधा. हा खटाटोप दहा मिनिटांचा असतो, पण कित्येक पुस्तके त्यानेच हाती लागतात.

ज्या पुस्तकांना रांगच नाही

भारतीय कॉपीराइट कायदा, 1957 नुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे हक्क राखलेले असतात. त्यानंतर पुस्तक सर्वांचे होते. त्याला परवाना लागत नाही, म्हणून रांगही लागत नाही. पुस्तक शोधण्याआधी लेखकाचे निधन कधी झाले, एवढे पाहा. निम्मे काम तिथेच होते.

आपल्याच भागातली उदाहरणे घेऊ. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 मध्ये उत्तरेत गेले होते. झाशीचा रणसंग्राम त्यांनी डोळ्यांनी पाहिला. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिं. वि. वैद्य यांनी 1907 मध्ये प्रसिद्ध केला. ते मूळ पुस्तक आज मुक्त आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा जन्मही वरसईचाच. त्यांचे निधन 1926 मध्ये झाले आणि त्यांचे लेखनही मुक्त आहे. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यांची पुस्तके 1 जानेवारी 2011 पासून मुक्त झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन 1 जानेवारी 2017 पासून. ह. ना. आपटे, राम गणेश गडकरी, ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक, बा. सी. मर्ढेकर, ही सगळी मंडळी याच यादीत येतात.

उलट बाजूही पाहा. विनोबांचा जन्म पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, तर चिंतामणराव देशमुखांचे बालपण रोह्यात गेलेले. दोघांचेही निधन 1982 मध्ये झाले, म्हणून दोघांच्या लेखनावरचा हक्क 2042 अखेरपर्यंत आहे. लेखक कितीही थोर आणि कितीही आपला असला, तरी ही मुदत बदलत नाही.

इथे एक सावधगिरी हवी. मूळ पुस्तक मुक्त असले तरी नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा किंवा अनुवाद यांवर त्या त्या लेखकाचा हक्क असतो. म्हणून जुनी आवृत्ती शोधा.

ही पुस्तके कुठे मिळतात? मराठी विकिस्रोतावर, इंटरनेट आर्काइव्हवर आणि आयआयटी खरगपूरने उभारलेल्या नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियावर. शेवटच्या ठिकाणी एक लक्षात ठेवा: ती मुख्यतः सूची आहे. पुस्तक बहुधा दुसऱ्याच संस्थेच्या संकेतस्थळावर उघडते आणि काही साहित्य त्या संस्थेच्या सभासदांपुरतेच असते. याखेरीज महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने स्वतःची अनेक प्रकाशने संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. मराठी विश्वकोश आणि केतकरांचा ज्ञानकोश ऑनलाइन वाचता येतात. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीने मराठी ई-पुस्तके विनामूल्य देते. आपल्या जिल्ह्याचा अभ्यास करणाऱ्यांसाठी 1883 चे कुलाबा-जंजिरा गॅझेटिअर इंग्रजीत मुक्त आहे. रोहा, अष्टमी, पेण यांची तेव्हाची स्थिती त्यात सापडेल.

मुले आणि परीक्षार्थी

लहान मुलांना ‘तीन आठवड्यांनी मिळेल’ असे सांगून चालत नाही. तोवर गोडी निघून जाते. त्यांच्यासाठी प्रथम बुक्सचे ‘स्टोरीवीव्हर’ उत्तम. 2015 मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतल्या सचित्र गोष्टी आहेत. त्या वाचता येतात, उतरवता येतात, छापूनही घेता येतात. अंगणवाडीत किंवा शाळेत वीस मुलांना एकाच वेळी तीच गोष्ट दिली तरी कोणाचा हक्क बुडत नाही. बालभारतीने ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक मोफत उपलब्ध केले आहेत. ज्यांच्या हातात लहानपणी ‘किशोर’ होता, त्यांनी ते नातवंडांना आवर्जून दाखवावेत. नॅशनल बुक ट्रस्टचे ‘राष्ट्रीय ई-पुस्तकालय’ हे तीन ते अठरा वयोगटासाठीचे मोफत ॲपही पाहावे.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी बालभारती आणि एनसीईआरटीची पाठ्यपुस्तके थेट त्यांच्या संकेतस्थळांवरून घ्यावीत. ती मोफत आहेत आणि रांग नाही. रोहा-दिवा गाडीने रोज ये-जा करणाऱ्यांनी ही सगळी पुस्तके घरीच उतरवून ठेवावीत. वाटेत सिग्नल गेला की उघडलेले पानही अडकून बसते.

दृष्टिबाधित वाचकांसाठी

घरात किंवा शेजारी कोणी दृष्टिबाधित असेल, तर ‘सुगम्य पुस्तकालय’ हे नाव लक्षात ठेवा. ऑगस्ट 2016 मध्ये सुरू झालेल्या या ऑनलाइन वाचनालयात अंध आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तींसाठी सुलभ रूपातली पुस्तके असतात. अशी रूपांतरे करण्याची मुभा आपल्या कायद्यात आहे. यासंबंधीचा मराकेश करार मान्य करणारा भारत हा 2014 मध्ये जगातला पहिला देश ठरला. नोंदणीसाठी प्रमाणपत्र लागते. ते काम त्या व्यक्तीवर सोडू नका, सोबत बसून करून द्या.

नवे मराठी पुस्तक हवे असेल तर

राहता राहिले ते हयात लेखकाचे, ताजे, चर्चेतले मराठी पुस्तक. त्याची सर्वांना मोफत मिळणारी कायदेशीर ई-प्रत बहुधा नसते. विकत घ्यायचे तर बुकगंगा आणि किंडल यांवर मराठी ई-पुस्तके मिळतात, ऐकायचे तर स्टोरीटेल आहे. तिथे पैसे भरले की रांग नाही.

पैसे न भरता वाचायचे असेल, तर सर्वांत जवळचा मार्ग अजूनही गावातल्या वाचनालयाचाच. रोह्यात भाटे सार्वजनिक वाचनालय आहे, पेणमध्ये महात्मा गांधी वाचनालय आहे. वर्गणी आणि अनामत भरून सभासद व्हा. हवे ते पुस्तक नसेल तर ग्रंथपालांकडे त्याची मागणी लेखी नोंदवा. लेखक, पुस्तक, प्रकाशन, एवढे तीन तपशील चिठ्ठीवर पुरतात. पुस्तक बाहेर गेले असेल तर नंबर लावून ठेवा. चार सभासदांनी एकच पुस्तक मागितले, तर खरेदीच्या वेळी ते डोळ्यांपुढे येते.

‘मग वाचनालयानेच पुस्तक स्कॅन करून व्हॉट्सॲपवर का पाठवू नये?’ असे काही सभासद विचारतात. कायदा ना-नफा सार्वजनिक वाचनालयाला आपल्याकडच्या छापील पुस्तकाची डिजिटल प्रत जतनासाठी ठेवू देतो. ती सभासदांना वाटण्याची मोकळीक त्यात नाही. म्हणून ग्रंथपालांनी नकार दिला तर त्यांच्यावर रागावू नका.

आणि व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरणाऱ्या पीडीएफबद्दल स्पष्टच सांगायला हवे. हयात मराठी लेखकाच्या नव्या पुस्तकाची अशी फुकट पीडीएफ म्हणजे चोरी आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती छोटी असते. त्यातले शेकडो वाचक पीडीएफकडे वळले, तर दुसरी आवृत्ती निघत नाही आणि त्या लेखकाचे पुढचे पुस्तकही अडते. साने गुरुजींचे पुस्तक पुढे पाठवा, हवे तितक्यांना पाठवा. पण काल प्रकाशित झालेल्या पुस्तकाची पीडीएफ आली तर ती पुढे ढकलू नका.

मराठी वाचकांनी आता एक मागणी लावून धरायला हवी. आपल्या प्रकाशकांनी सार्वजनिक वाचनालयांना परवडेल अशा अटींवर ई-पुस्तके द्यावीत आणि ग्रंथालय संचालनालयाने त्यासाठी वेगळी तरतूद करावी. परदेशातल्या वाचनालयांना जाचक अटी सोसाव्या लागल्या, कारण नियम आधी ठरले आणि वाचक नंतर जागे झाले. आपल्याकडे नियम अजून ठरायचे आहेत. तोवर एवढे करा: लेखकाचे निधनवर्ष पाहून दार निवडा, उसने घेतलेले वेळेआधी परत करा आणि गावच्या वाचनालयाची वर्गणी थकवू नका.